कपाळावरची पांढरी बट

आरोहीच्या कानाची तपासणी झाली तेव्हा ती साडेतीन महिन्यांची होती. वाकडच्या एका दवाखान्यात तिला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानांमागं वायरी चिकटवल्या आणि कानात बारीक टकटक सोडली. आवाज चढवत चढवत शेवटपर्यंत नेला, तरी पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. कागद हातात देताना तपासणाऱ्या मुलीनं वर बघितलं नाही. उत्कर्षा तेवढ्यावरूनच काय ते समजली.

बाहेर बाकावर तिचे सासरे बबनराव बसले होते. सून बाहेर आली, तिच्या खांद्यावर पोर गाढ झोपलेली. बबनरावांनी नुसतं पाहिलं. उत्कर्षा म्हणाली, "मामा, दोन्ही कान."

त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण ते पोरीची दुपटी गोळा करायला लागले.

बबनराव पुनावळ्याचे, मूळचे गावकरी. वय त्रेसष्ट. पूर्वी हायवेपर्यंत त्यांचा ऊस होता, आता तिथं बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते. टॉवरांच्या मधोमध त्यांची चार मजली इमारत, खाली भाडेकरू, वर घरचे, आणि मागच्या अंगाला पत्र्याच्या गोठ्यात दोन म्हशी. म्हशी सांभाळायची ती त्यांची धाकटी बहीण रंभा. रंभाला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. लग्न झालं नाही, ती भावापाशीच राहिली. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणून असं झालं, असं घरात सगळेच सांगायचे.

मुलगा अजिंक्य आणि सून उत्कर्षा दोघंही चाकणला कंपनीत. तो मेन्टेनन्सला, ती क्वालिटीला. गाड्यांचे पत्रे दाबून काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेसच्या शॉपमध्ये तिचं टेबल होतं. सातव्या महिन्यापर्यंत ती कामावर जात होती.

आरोही जन्मली तेव्हा सगळ्यांच्या नजरा खिळल्या त्या तिच्या डोळ्यांवर. डोळे निळे. घारे नव्हेत, निळेच, लख्ख. टॉवरमधल्या बायका दूध न्यायला यायच्या त्या मुद्दाम वर चढून पोरीला बघून जायच्या. बबनरावांची बायको गवराबाई रोज तिची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. "माज्या नातीगत पोरगी अख्ख्या मावळात न्हाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दवाखान्यातला कागद आला आणि तिचं बोलणं बदललं.

"त्या प्रेसच्या दणक्यानं झालंय हे," ती म्हणाली. "धा वेळा सांगितलं व्हतं, घरी बस. लोखंड फुटंल असा आवाज, मग पोटातल्या जिवाच्या कानाचं काय व्हनार?"

अजिंक्य चिडला. "आई, डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही."

"डॉक्टरला काय ठावं? त्यो कधी गेला व्हता का तिथं?"

उत्कर्षाला शॉपमधली ती जागा आठवत होती, प्रेस खाली आली की पायांखालची फरशी हलायची ती. पोटात पोर दचकायची, आणि ती टेबलाखाली हात नेऊन पोटावर थोपटायची. त्या वेळी तिला ते गोड वाटलं होतं.

पुण्यातल्या आनुवंशिक आजारांच्या दवाखान्यात अख्खं कुटुंब गेलं. डॉक्टर दीक्षा म्हणून तरुण बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी आरोहीच्या डोळ्यांचे आतले कोपरे पट्टीनं मोजले. मग अजिंक्यचे मोजले, बबनरावांचे मोजले. दोन डोळ्यांमधलं अंतर जरा जास्त, नाकाचा दांडा रुंद. "आमच्या घराण्याची ठेवण हाय ती," गवराबाई म्हणाली.

डॉक्टर कागदावर चौकोन आणि गोल काढत होत्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, त्यांना जोडणाऱ्या रेघा.

"घरात आणखी कुणाला ऐकू येत नाही?"

"नणंद हाय माजी," गवराबाई म्हणाली. "पन तिला तापानं आलंय. जलमाचं न्हाई."

"नक्की?"

गवराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बबनराव जमिनीकडं बघत होते.

"कुणाचे केस लवकर पांढरे झालेत? तिशीच्या आत? किंवा कपाळावर मधोमध पांढरी बट?"

अजिंक्य हसला. त्याचं अर्धं डोकं सव्विसाव्या वर्षीच पिकलं होतं. "माझे झालेत. बोअरच्या पाण्यानं."

डॉक्टरांनी त्याच्या चौकोनात काहीतरी लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मग बबनरावांकडं वळल्या. "बाबा, तुमचे?"

"न्हाई," बबनराव म्हणाले.

डॉक्टर क्षणभर त्यांच्या काळ्याभोर केसांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एक संशय आहे. बाळाचं रक्त पाठवते. रिपोर्टला पाचसहा आठवडे लागतील. कधी कधी अशी गोष्ट घरात पिढ्यान् पिढ्या असते, कधी बाळापासूनच सुरू होते. आधीच काही ठरवू नका."

परतताना गाडीत बबनराव खिडकीशी बसले होते आणि त्यांच्या मनात त्यांची आई होती.

ते सहा वर्षांचे असताना रंभा जन्मली. ती तीनेक महिन्यांची झाल्यावर एक दिवस आईनं तिच्या डोक्यामागं पितळी ताट आपटलं. शेजारच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली, पण रंभा आपली मुठी चोखत पडून राहिली. आईनं पुन्हा आपटलं, पुन्हा आपटलं. मग ताट खाली ठेवून ती तोंडात पदर कोंबून रडली. ग्रहणात विळीवर बसली म्हणून हे झालं, असं आजीनं ठरवलं. आजोबांनी आईला माहेरी धाडून दिली. दोन वर्षं ती तिकडं होती. परत आली ती कमरेत वाकल्यासारखी, आणि मरेपर्यंत घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिनं आपलं मत सांगितलं नाही.

ताप वगैरे काही आला नव्हता. पुढं बबनरावांसाठी स्थळं बघायची वेळ आली तेव्हा चुलत्यांनी ती गोष्ट रचली. जन्मापासूनची मुकी बहीण असलेल्या घरात पोरगी कोण देणार? ताप म्हटलं की प्रश्न मिटला.

आणि दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कपाळावर होती. जन्मल्यापासून भांगाच्या टोकाला चार बोटं रुंद पांढरी बट. शाळेत पोरं खिजवायची म्हणून आई रोज सकाळी दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून तिथं चोळायची. मोठेपणी काजळीच्या जागी कलप आला. चाळीस वर्षं ते दर पंधरा दिवसांनी चिंचवडच्या एकाच न्हाव्याकडं जात होते. लग्न झाल्यावर गवराबाईला बट दिसलीच, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "बैलानं शिंग मारलं व्हतं. जखम भरली, पन केस पांढरं आलं." तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

ही बट, रंभाचे कान आणि आरोहीचे कान यांचा एकमेकांशी संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आजवर कधी आलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारले तेव्हा आलं. आणि आलं त्याच क्षणी तोंडातून 'न्हाई' गेलं.

पुढचे पंधरा दिवस ते घरात परक्यासारखे वावरले. चिंचवडला जायचा दिवस आला आणि गेला. केसांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागली तशी त्यांनी टोपी घालायला सुरुवात केली. गवराबाईनं विचारलं, "काळं करायला गेला न्हाईत?" ते म्हणाले, "जाईन."

एका दुपारी ते जिना चढून वर येत होते. आतून आवाज आला. दारातून पाहिलं तर उत्कर्षा गुडघ्यांवर बसली होती, तिच्या हातात स्टीलचं ताट आणि उलथनं. आरोही सतरंजीवर पालथी पडून समोरच्या लाल चेंडूकडं बघत होती. उत्कर्षा तिच्या मागून ताट वाजवत होती. थांबायची, बघायची, पुन्हा वाजवायची. खालच्या भाडेकरणीनं ओरडून विचारलं काय झालं. पोरीनं मानही वळवली नाही.

बबनराव तसेच मागच्या मागं खाली उतरले आणि गोठ्यात जाऊन उभे राहिले. रंभा धार काढत होती. तिनं वर बघितलं, भावाच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, हात पुसून उठली आणि दोन बोटं हनुवटीला लावून विचारलं. काय झालं, असं विचारायची तिची ती खूण होती. त्यांनी मान हलवली. काही नाही.

रविवारी उत्कर्षाचे वडील ज्योतीराम आले. चाकणजवळच्या खेड्यातले शेतकरी, एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी करून शेती बघणारे. चहा समोर ठेवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"बबनराव, लेकीला चार महिने घेऊन जातो म्हणतो," ते म्हणाले. "फोनवर नुसती रडती. इथं तिला काय काय ऐकावं लागतंय ते कळलंय मला."

"आमी काय मारलं का तिला?" गवराबाई आतून म्हणाली आणि दारात येऊन उभी राहिली. "खरं ते बोलले. मशिनीजवळ पोट घेऊन हुबी ऱ्हायली. आमच्या घराण्यात असलं कवा झालं न्हाई."

"आई, बास!" अजिंक्य म्हणाला.

ज्योतीराम उठले. "उत्कर्षा, बॅग भर."

उत्कर्षा पोरीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. उठली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, आत्यांना बोलू नका. बरोबरच बोलतायत त्या. पोर पोटात दचकायची, मला कळायचं. तरी मी ओव्हरटाइम केला. चूक माझीच आहे."

बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ज्योतीरामांची नजर गेली. काळ्या केसांच्या बुडाशी, अगदी कपाळावर, खडूनं ओढल्यासारखा पांढरा पट्टा.

"हे बैलाच्या शिंगानं झालेलं न्हाई," बबनराव म्हणाले. "जलमापासनं हाय. आनि रंभीला ताप आला नव्हता. आईनं ताट वाजवलेलं मी बघितलंय. मी सा वर्साचा व्हतो. डॉक्टरीनबाईंनी इचारलं तवा मी खोटं बोललो. पोरी, तुजी काय चूक न्हाई. हे आमच्या घरातनं आलंय. माज्यातनं."

खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत होता.

उत्कर्षा बराच वेळ त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मामा, दवाखान्यात तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

"त्याला आज एकवीस दिवस झाले."

तिनं आवाज चढवला असता तर बबनरावांना बरं वाटलं असतं. ती पोरीला घेऊन उठली आणि आतल्या खोलीत गेली. ज्योतीराम दाराकडं निघाले, थांबले, पुन्हा खुर्चीत बसले आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. "उशिरा का व्हईना, बोललात," ते म्हणाले. लेकीला न्यायचं नाव त्यांनी मग काढलं नाही. तिनंच आतून सांगितलं, मी इथंच राहते.

गवराबाई चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "पस्तीस वर्सं मी त्या बैलाची गोष्ट माज्या भनींना सांगितली. त्यांच्या पोरास्नी सांगितली." तिचा आवाज फाटला. "आनि त्या पोरीला मी काय काय बोलले. तुमी ऐकत बसलात."

"व्हय," बबनराव म्हणाले.

रिपोर्ट आला, आरोहीच्या एका जनुकात बदल सापडला, तेव्हा डॉक्टर दीक्षांनी बबनराव, अजिंक्य आणि रंभा, तिघांचंही रक्त घेतलं. रंभाला कशासाठी ते सांगायला बबनरावांना अर्धा तास लागला. स्वतःच्या बटेला हात लावून, तिच्या कानाला, पोरीच्या कानाला, मग एकच बोट वर करून. एकच. समजल्यावर रंभानं आपणहून बाही वर केली. महिन्याभरानं कळलं की चौघांतही तोच बदल होता, जनुकातल्या त्याच ठिकाणी.

"मग मला ऐकू येतंय कसं?" बबनरावांनी विचारलं. "आनि हिला न्हाई?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बाबा, शरीरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. बाळ पोटात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असतं तेव्हा त्या पाठीच्या बाजूनं निघतात आणि जागोजागी जाऊन बसतात. कातडीत, केसांच्या मुळाशी, डोळ्यांत. काही कानाच्या आत जातात. तिथं त्यांचं काम रंगाचं नसतं, पण त्या नसतील तर आतला कान कामच करत नाही. या पेशी तयार होऊन नीट पोचाव्यात यासाठी एक जनुक लागतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तुमच्या घरात त्यातली एक प्रत चालत नाही. दुसरी चांगली आहे, पण एकटीचा जोर कमी पडतो."

"म्हणजे कंपनीच्या लाइनवर निम्मीच माणसं," अजिंक्य म्हणाला.

"साधारण तसं. मग कुणाच्या बाबतीत सगळीकडं पोचतात, फक्त कपाळावर कमी पडतात. कुणाच्या डोळ्यांत कमी पडतात, कुणाच्या कानात. तीच चूक, पण प्रत्येक शरीरात वेगळी दिसते. असं का, याचं पुरतं उत्तर आमच्याकडंही नाही. बाकीची जनुकं असतात, आणि थोडा नशिबाचा भाग असतो."

उत्कर्षानं इतका वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "आणि प्रेसचा आवाज?"

"हिच्या कानांचं ठरलं ते पहिल्या दोन महिन्यांत. तेव्हा हिला आवाज ऐकायला कानच नव्हते. तुमच्या नोकरीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही."

उत्कर्षानं तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलायला लागले. गवराबाई शेजारच्या खुर्चीतून उठली, तिच्याजवळ गेली, पण हात लावायचा की नाही हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं सुनेच्या मांडीवरून पोरीला उचलून घेतलं आणि दुसऱ्या हातानं उत्कर्षाचं डोकं पोटाशी धरलं. "माजं चुकलं गं," ती म्हणाली. "लई चुकलं."

"पुढच्या बाळाला?" अजिंक्यनं विचारलं.

"प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. हा बदल आला तरी ऐकू येणारच नाही असं नाही. तुम्ही या, आपण बोलू. घाई नाही."

बबनराव अजून तिथंच अडकले होते. "म्हंजे मीच दिलं न्हवं का हे पोरीला?"

"तुम्हाला तुमच्या आईनं नाहीतर वडिलांनी दिलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "कुणी निवडून देत नाही, बाबा. याचा दोष कुणालाच नाही."

घरी येताना उत्कर्षा गाडीत त्यांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "तुमच्या आईंना हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

बबनरावांनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

आरोही अकरा महिन्यांची झाली तेव्हा तिच्या दोन्ही कानांत ऑपरेशन करून यंत्रं बसवली. तीन आठवड्यांनी ती चालू केली त्या दिवशी सगळ्यांना वाटलं होतं पोर हसेल. ती घाबरली. ओठ काढून रडली आणि स्वतःच्याच रडण्यानं आणखी दचकली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, असंच होतं, आता शिकवायचं काम सुरू. कानात आवाज पोचला म्हणजे भाषा आली असं नसतं. दिवसभर तिच्याशी बोला, प्रत्येक वस्तूचं नाव घ्या, पुन्हा पुन्हा घ्या.

अजिंक्य आणि उत्कर्षा शिफ्टला. रक्ताचे निकाल आल्यावर उत्कर्षा कामावर परत गेली होती, त्याच शॉपला, त्याच टेबलाला. तेव्हा बोलायचं काम बबनरावांकडं आलं. आठवड्यातून तीनदा ते आरोहीला रिक्षानं रहाटणीला, बोलणं शिकवायच्या वर्गाला न्यायचे. तिथं तरुण आया असायच्या आणि त्यांच्यात हे एकटे म्हातारे, डोक्यावर अर्धे पांढरे अर्धे काळे केस. पहिले काही दिवस त्यांना लाज वाटायची. मग सरावले. रिक्षात बसल्यापासून सुरुवात. "हे चाक. चाक. ती बस. बस गेली. ह्यो कुत्रा. भू भू." रिक्षावाले हसायचे. एकदा एकानं विचारलंच, "बाबा, कंटाळत नाही का?" ते म्हणाले, "आता कुटं सुरुवात केलीय."

दीड वर्षाची होता होता आरोही खुणाही करायला लागली. त्या रंभाच्या होत्या. सकाळी गोठ्यात पोर तिच्याजवळ असायची. दूध म्हणजे मूठ उघडबंद, म्हैस म्हणजे कपाळाशी दोन बोटं, काय झालं म्हणजे हनुवटीला दोन बोटं. वर्गातल्या बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी उत्कर्षाला बोलावून घेतलं. "खुणांची सवय लागली तर बोलण्याचा कंटाळा करेल. घरात सांगा, हात वापरू नका."

उत्कर्षानं ऐकून घेतलं. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. बबनरावांनी मान डोलावली, मग खिडकीतून खाली पाहिलं. रंभा पेंड कालवत होती आणि आरोही तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

"त्यांना कसं सांगायचं?" उत्कर्षानं विचारलं.

"मी सांगतो तिला. समजून घील."

"समजून घेतील हो. पण साठ वर्षांत त्यांच्याशी मनापासून बोलणारं या घरात दुसरं कोण आलं?" तीही खिडकीशी आली. "बाईंना मी सांगेन. तोंडानं बोलायला आपण शिकवू, जेवढं म्हणतील तेवढं करू. पण रंभाआजीशी बोलायला तिला हात लागणारच."

खाली आरोहीनं रंभाचं लक्ष वेधायला तिचा पदर ओढला. रंभा वाकली. पोरीनं कपाळाशी दोन बोटं नेली आणि त्याच वेळी तोंडानं म्हणाली, "म्हऽऽ."

रंभाला ते ऐकू आलं नाही. तिनं पोरीचे हलणारे ओठ पाहिले, आपला ओला हात पदराला पुसला आणि बोटांची टोकं आरोहीच्या गळ्यावर हलकेच टेकवली. आरोही पुन्हा म्हणाली, "म्हऽऽ."

बबनराव खिडकीपासून वळले आणि पोर काय म्हणाली ते रंभाला खुणेनं सांगायला जिना उतरायला लागले.